हाताला बसेल असा चाकू

धाकट्या जावयाने दुकानाच्या काचेवरचा पहिला चाकू उचलला, तेव्हाच त्याचा आतला हिशेब पुरा झालेला होता. चाकू सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, पसंतीला उतरला तर त्यांच्या रोपवाटिकेतली कलमांची शेड त्याची. शेडबरोबर सहा माणसे, बाहेरगावच्या मागण्या आणि अण्णांचे नाव. नाही उतरला तर एका चाकूचे पैसे गेले. एवढ्या भावात कोण मागे सरेल?

थोरल्या लेकीला तसे मिळण्यासारखे काही नव्हते. होते ते राखायचे होते. चौदाव्या वर्षापासून ती त्या शेडमध्ये कलमे बांधत होती. शेड गेली तर उद्यापासून धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला विचारून कामाला लागायचे. रोपे विकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बांधण्यात त्याने हात घातला की रोपेच हात जोडत.

अट अण्णांनी सकाळी चहा पिता पिता घातली होती.

"रोज खिशात राहील असा घडीचा चाकू हवाय. लहान, पण चांगला. माझ्या हाताला बसेल असा. दोघांनी एकेक निवडा, आपापल्या पैशांनी. ज्याचा मी खिशात घालीन, शेड त्याच्याकडे."

आता ते दुकानातल्या स्टुलावर बसले होते. उजव्या मनगटात कापडी पिशवीचे बंद दोनदा गुंडाळलेले, हात मांडीवर. सारे काही ते डाव्या हाताने करत होते, आणि उजव्यात पिशवी असल्यामुळे हे कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हते. थोरलीच्या मात्र दोन महिन्यांपूर्वीच आले होते. शेडच्या शेवटच्या रांगेत, अण्णा एकटेच बसतात तिथे, कलमांवरची पट्टी उलट्या दिशेने गुंडाळलेली दिसली. चाळीस वर्षे ज्या हाताने पट्टी एकाच बाजूने फिरवली, तो हात आपणहून दिशा बदलत नसतो. तिने कोणाला सांगितले नाही. रोज संध्याकाळी त्या रांगेतल्या पट्ट्या ती गुपचूप सोडायची आणि सुलट बांधून ठेवायची.

"माझ्या हाताला" म्हणजे कोणत्या, हे तिला सकाळीच कळले होते.

"हा घ्या," दुकानदार म्हणाला. "हरणाच्या शिंगाची मूठ. पातं उघडताना आवाज ऐका."

पाते कट्ट करून उभे राहिले. जावयाने किंमत विचारली, ऐकली आणि चाकू अलगद खाली ठेवला, जणू तो गरम होता.

थोरली एकेक चाकू उचलून उजेडाकडे धरत होती. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाने उतरवलेली असते, दुसरे अंग सपाट. उजव्या हाताचा चाकू डाव्यात दिला की तो काडीत शिरतो आणि काप वाकडा जातो. खणाच्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून वेगळा, एक बुटका चाकू पडला होता. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, पाते बोटाएवढे, सांध्यात जरासुद्धा खेळ नाही. तिने तो उघडला. उतार उलट्या अंगाला होता.

हाच. तिच्या हातात होता.

"तो राहू द्या ताई," दुकानदार म्हणाला. "तुमच्यात डावरं कोण आहे?"

तो सहज म्हणाला होता. पण आसपासच्या सगळ्या रोपवाटिका याच्याकडून चाकू नेत, आणि सकाळी याच्या कानात पडलेले दुपारपर्यंत सगळीकडे पोचलेले असे. लोक अण्णांच्या हातचे कलम म्हणून चार पैसे जास्त मोजत. तो हात गेला हे कळले की मागण्याही गेल्या, आणि त्याआधी अण्णा.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मूठ बघत होते."

तिने तो मिटला, जागेवर ठेवला, आणि शेजारचा उजव्या हाताचा, तितकाच देखणा चाकू उचलला. अण्णांकडे तिने पाहिले नाही.

दुकानदार आतून आणखी एक खोका आणायला वळला, तोवर जावयाची नजर कोपऱ्यात पोचली होती; दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या त्याला फक्त 'राहू द्या' एवढेच ऐकू आले होते. मालक ज्याला हात लावू देत नाही ते स्वस्त तरी असते नाहीतर मस्त, हा त्याचा अनुभव.

"हा केवढ्याला?"

"जावईबापू, तो तर..." दुकानदार थांबला. दीड वर्ष त्या चाकूवरची धूळ तो स्वतः पुसत होता. "तुम्ही घेताय? निम्म्यात देतो."

"निम्म्यात का? पडून आहे म्हणून ना? मग आणखी थोडं कमी करा."

"जावई असावा तर असा," दुकानदार हसला आणि त्याने भाव कमी केला. पुढे एक अक्षर बोलला नाही. विकल्या जाणाऱ्या मालाचे दोष सांगण्याइतका तो बोलका नव्हता.

थोरलीच्या बोटांनी हातातल्या चाकूची मूठ आवळली. घासाघीस केली असती तर हा माणूस तिच्यासाठीही गप्प बसला असता. आयुष्यात ती कधी भाव करायला शिकली नव्हती.

दोन्ही चाकू अण्णांसमोर आले.

"पिशवी द्या इकडे काका, नीट दोन्ही हातांनी बघा," म्हणत दुकानदाराने हात पुढे केला.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "औषधाची बाटली आहे, सांडेल."

पिशवीत नुसती सुतळी होती. दुकानदाराचा हात क्षणभर तसाच राहिला, मग मागे गेला.

अण्णांनी डाव्या हाताने आधी तिचा चाकू घेतला. अंगठा पात्यावरून फिरला, उतारावर थांबला. त्यांनी तो परत ठेवला, फार हळू. मग दुसरा घेतला. अंगठा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. त्यांनी मान वर करून जावयाकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोरलीने कधी न पाहिलेले काहीतरी आले.

"तुझं लक्ष असतं म्हणायचं," ते म्हणाले.

"असावंच लागतं अण्णा," जावई म्हणाला. त्याच्या मते गोष्ट किमतीची चालली होती.

अण्णांनी पाते मांडीवर दाबून मिटवले आणि चाकू डाव्या खिशात टाकला.

"ताई," ते थोरलीला म्हणाले, आवाजात राग नव्हता, "इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलीस तू."

तिच्या ओठांवर सगळे आले होते: उलट्या पट्ट्या, सोडलेल्या रांगा, मघाचा प्रश्न. दुकानदार पावतीचे पुस्तक उघडून उभा होता, दोन्ही कान मोकळे ठेवून. जावई सुटे पैसे मोजत होता.

"चुकलं अण्णा," ती म्हणाली.

दुकानदाराचा पडीक माल गेला. अण्णांना चाकू मिळाला, आणि आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे हे समाधानही. जावयाला शेड मिळाली; त्याने चाकूचे पैसे दिले, निम्म्याहून कमी. बाकीची किंमत थोरलीने.