दहा किलोचं कोकरू

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. पोटात स्प्रिंग, खाली आकडी आणि तोंडावर पितळी पट्टी. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका दुकानात मी सुताची बाचकी तोलत असे. तिथे विजेचा काटा आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. वळसंगच्या धुळा नावाच्या मेंढपाळाने मला मेंढरांसाठी आणलं नसतं, तर मी गंजूनच गेलो असतो.

इथे मी कोकरं तोलतो. धुळाची बायको बाळाबाई त्यांना झोळीत घालून मला अडकवते आणि नात प्रियदर्शनी वजन वाचते. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. एकदा तिने नऊ कोकरांची सरासरी काढली. दहा किलो!

"मग झ्याक हाय की," धुळा म्हणाला. "काळजी न्हाय."

मला रागच आला. काळी नावाचं कोकरू झोळीत हललंसुद्धा नव्हतं. आणि खरं सांगू? दहा किलोचं कोकरू मी त्या दिवशी एकही उचललं नव्हतं!

प्रियदर्शनीचीही नजर काळीवर गेली. तिने जमिनीवर वजनांप्रमाणे खडे मांडले. सात खडे आठाच्या आसपास गोळा झाले. दोन पार सतरावर जाऊन बसले.

"आज्जी, ढीग हिकडं अन् शेपूट तिकडं. मधलं कोकरू आठाचं, सरासरी मातर दहा. ह्या दोघांनीच ती वर वडलीया. ह्याला विषमता म्हणत्यात."

ती दोन कोकरं बाळाबाईची लाडकी. धान्याचा भरडा टाकला की ढुशा मारून बाकीच्यांना हाकलायची, आणि बाळाबाई कौतुकाने हसायची.

"म्हंजी माजं राजं खात्यात, म्हून काळी उपाशी ऱ्हाती व्हय?" तिचे डोळे भरून आले.

तेव्हापासून भरडा टाकताना ती त्या दोघांना लांब बांधू लागली. पुढे ती दोघं बाजारात गेली. त्या सकाळी बाळाबाई घराबाहेर आली नाही.

महिन्याने उरलेली सात मी पुन्हा तोलली. सरासरी आली दहा.

"येवढं करून दहाचं दहाच की!" धुळा हसला.

प्रियदर्शनीने खडे मांडले. या वेळी सगळे दहापाशी अंगाला अंग लावून बसले होते. काळी तर झोळीत अशा उड्या मारत होती, की माझी सुई ठरेना. इतका आनंद मला सुताच्या बाचक्यांनी कधी दिला नव्हता.

मित्रांनो, मला पावसात टांगून ठेवू नका, अधूनमधून तेलाचं बोट लावा. आणि सरासरी बरी आहे असं कुणी म्हणालं, तर सगळ्यात हलकं कोकरू आधी माझ्याकडे आणा.