विमानाच्या नाकपुड्या

टेपच्या मापावर माझा विश्वास नाही. उद्यमनगरात जीप, टेम्पो, ट्रॅक्टरची सीटकव्हरं शिवते मी, अकरा वर्षं झाली. खोबणीत हात घालून बोटांनी चाचपल्याशिवाय मला माप कळतच नाही. या माजापायीच त्या दिवशी माझा हात विमानात अडकला.

गुरुप्रसाद इंजिनिअर दुकानात आला तेव्हा मला वाटलं, बुलेटची सीट असेल. तर म्हणाला, विमानाच्या नाकपुड्यांना बुचं शिवायची आहेत. उजळाईवाडीच्या विमानतळावर कुणा मालकाचं चार माणसांचं छोटं विमान उभं असतं, त्याची देखभाल हा करतो. पंख्याच्या दोन्ही अंगांना इंजिनात वारा जायला भोकं असतात आणि विमान चार दिवस जागेवर राहिलं की साळुंक्या तिथं बिऱ्हाड थाटतात. काड्या आत राहिल्या तर इंजिन तापतं, आगसुद्धा लागते. म्हणून फोमचे दोन ठोकळे, वरून रेक्झिन, आणि दोन्ही जोडणारी एक दोरी. मी विमानाला मॅचिंग निळा रंग सुचवला. आमच्या गिऱ्हाइकांना मॅचिंग नसेल तर गाडी गाडी वाटत नाही.

"लाल पाहिजे," तो म्हणाला. "भडक लाल. ही काढायची विसरून कुणी इंजिन चालू केलं तर संपलंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या शेडमध्ये गेले. पुठ्ठा लावून दोन्ही भोकांचा आकार काढला. गुरुप्रसादनं किल्ली खिशात टाकली होती, तरी दोनदा बजावलं, पंख्याला हात लावायचा नाही आणि आत हात घालायचा नाही. पंख्याला नाही लावला. तो फोनवर बोलत बाजूला गेला तसा उजवा हात आत सारला. खोली एक वीत चार बोटं. मनात टिपून ठेवली आणि हात मागे घेतला, तर येईना.

उजव्या हातात सात हिरव्या बांगड्या होत्या. दर श्रावणात आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई दानम्मा, मला स्वतः कासाराकडं नेतात आणि एक माप कमीच्या भरायला लावतात. साबण लावून, हात दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "सैल बांगडी टिकत न्हाई," म्हणतात. काय टिकवायचं आहे ते दोघींनाही ठाऊक असतं.

माझा नवरा वीरेश पाच वर्षांपूर्वी हुबळीला कामाला गेला. तिथं त्यानं घर केलं, बाई केली, आता तीन वर्षांची मुलगी आहे. आत्ती शेजारणींना सांगतात, कंपनीनं बदली केली. चैत्रात वकिलाचा कागद आला, दोघांच्या संमतीनं वेगळं होण्याचा. माझी सही तेवढी बाकी आहे. कागद मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनखाली पाच महिने पडून आहे. सही कर किंवा करू नको, असं आत्ती एकदाही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुज्या हातात बांगड्या हाईत तवर त्यो आपला हाय." कजाग सासू असती तर मी पहिल्याच दिवशी सही ठोकली असती. या बाईनं मला कटिंग शिकवलं, काविळीत दीड महिना भरवलं. तिच्यापुढं माझं काही चालत नाही, आणि याचाच मला भयंकर राग येतो.

गुरुप्रसाद धावत आला. आधी चिडला, मग वरचं झाकण उघडलं. वरून माझाच हात मला दिसला. बांगड्या एका पातळ पत्र्याच्या पलीकडं जाऊन आडव्या झाल्या होत्या. तेल ओतून झालं, साबण लावून झाला. पत्रा वाकवता येणार नव्हता. तो वारा वळवतो, वाकला तर नवाच लागतो.

"बांगड्या..." तो म्हणाला आणि थांबला. फोडा असं त्याच्यानं म्हणवेना. "मी नाही हात लावणार, वर्षाताई. सवाष्ण बाईच्या बांगड्या. त्यापेक्षा पंखा काढतो, समोरचं तोंड काढतो. तीन तास लागतील."

तो पाने आणायला गेला. मी विमानाच्या नाकाला गाल लावून उभी राहिले. पाय भरून आले, बोटांना मुंग्या आल्या. नाकावर माशी बसली तीही नीट हाकलता येईना. दाराबाहेर ऊन पडलं होतं, मोकळी धावपट्टी दिसत होती, आणि मी तिथं दावणीला बांधल्यासारखी उभी. डाव्या हातानं आत्तींना फोन लावला, झालं ते सांगितलं. का लावला, मला माहीत नाही. परवानगीच मागायची असणार.

"फोडू नगंस गं बाई," त्या ओरडल्या. "पंखा काडू दे त्येला. पाच वर्सं थांबलीस की, तीन तासानं काय व्हतंय?"

  बदली, कंपनी, दिवाळीला येईल, हे सगळं पाच वर्षं बोलणारी बाई पहिल्यांदा खरं बोलली होती. मी थांबलेय हे तिला पुरतं माहीत होतं. रोज माहीत होतं. 

"आत्ती, ठेवते," म्हटलं. गुरुप्रसाद पाने घेऊन परतला होता. "गुरुप्रसाद, पक्कड द्या."

त्यानं पक्कड दिली आणि तोंड फिरवलं. डाव्या हातानं एकेक बांगडी धरली आणि दाबली. सातही. हात बाहेर आला तेव्हा मनगटावर रक्त होतं. त्यानं रुमाल बांधला.

मला वाटलं, सुटले. पण तो म्हणाला, "आता सगळे तुकडे बाहेर काढायचे. एक जरी आत राहिला तरी मी या विमानाच्या वहीत सही करणार नाही."

मग बॅटरी आणि चिमटा घेऊन आम्ही बसलो. निघेल तो तुकडा पांढऱ्या फडक्यावर मांडत गेलो, काचेला काच जुळवत. मला कटिंगची सवय, त्यामुळं जुळवणी भराभर होत होती. हातातून फोडलेल्या बांगड्या मी जमिनीवर पुन्हा भरत होते. हसू आणि रडू एकदमच आलं. सहा पुऱ्या झाल्या. सातवीत नखाएवढी जागा रिकामी राहिली. अर्धा तास शोधलं. त्यानं खालचं झाकण काढलं, फुंकणी मारली. काही नाही.

मनगट ठणकत होतं म्हणून मी रुमाल सोडला. तुकडा तिथं होता, कातडीत रुतलेला. चिमट्यानं उपसला, पुसला आणि जागेवर ठेवला. बरोबर बसला.

गुरुप्रसादनं वही उघडून लगेच सही केली.

दुकानात आले तेव्हा आत्ती दारातच उभ्या होत्या. हातात कागदात गुंडाळलेल्या नव्या हिरव्या बांगड्या. माझा फोन ठेवल्यावर थेट कासाराकडं गेल्या असणार. त्यांनी माझ्या मनगटाकडं पाहिलं.

"तुकडं सगळं गावलं?"

"गावलं. शेवटचा हातातच हुता."

मी ड्रॉवर उघडला, बॉबिनी बाजूला सारल्या, कागद काढला. पेन सापडेना, आमच्याकडं सगळा खडूचा कारभार.  मग बिलबुकात खोचलेलं पेन आत्तींनीच काढून पुढं केलं. मी धरलं तरी त्यांनी लगेच सोडलं नाही. मग सोडलं.

मी सही केली. आत्ती स्टुलावर बसल्या, मांडीवरची पुडी चाचपत.

"आता ह्या कुनाला?" त्यांनी विचारलं.

"हुबळीला पाठवा. नात हाय तुमची."

त्यांनी पुडी उघडली. एक बांगडी बोटांवर फिरवून पाहिली. डोळे पुसले नाहीत.

"तिला लई सैल व्हतील गं."

"व्हऊ देत की, आत्ती," मी म्हटलं. "सैलच ऱ्हाऊ देत."