हलगीची शिक्षा

कडुबाचे गुडघे करमाडच्या स्टँडवरच बोलायला लागले होते. पण महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. म्हातारा चुकवतोय होय! रडतखडत एसटीनं संभाजीनगर गाठलं अन् ख्रिस्ती देवळातल्या शेवटच्या बाकावर तो टेकला. शेजारी बायको, आवडाबाई. प्रभूची भाकर अन् द्राक्षारसाचा प्याला घ्यायला सगळी मंडळी पुढं गेली. हे दोघं बसून राहिले, एकेचाळीस वर्षं बसत आले तसे.

गुन्हा काय, तर हलगी. सख्खा भाऊ हिंदूच राहिलेला. त्याच्या पोरीच्या वरातीला वाजवणारे आलेच नाहीत. भावाचं उतरलेलं तोंड बघवेना, म्हणून कडुबानं हलगी गळ्यात अडकवली अन् मारुतीच्या पारापर्यंत वाजवली. ख्रिस्ती माणूस मारुतीपुढं वाजवतो म्हणून चर्चचे पाळकसाहेब खवळले. मंडळीसमोर चुकलो म्हण, तोवर तुला प्याला नाही, म्हणाले. आता चुकलोच नाही, तर म्हणायचं कसं? पुढं पाळक गेले, पंच गेले, शिक्षा तेवढी राहिली. निजताना कडुबा रोज एकच मागायचा, की देवा, मरायच्या आधी एकदा प्याला दे, पण खोटं बोलायला लावू नको. मागून मागून जीव शिणला होता बिचाऱ्याचा.

त्या रविवारी नव्या पाळकबाई, श्रेयाताई, तबक घेऊन स्वतःच मागं आल्या. म्हाताऱ्याला चालवत नसेल, असं त्यांना वाटलं. कडुबानं हात मागं घेतले आणि सगळी हकिकत सांगितली.

"अजून पस्तावा नाय झाला, ताई. खोटं कसं बोलू?"

बाईंनी प्याला उचलून त्याच्यापुढं धरला. मग म्हणाल्या, "बाबा, काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तो प्रभू येशूनं पुरवला. तुमच्या भावाच्या घरी वाजवणारा नव्हता, तो तुम्ही पुरवलात. घ्या."

कडुबानं प्याला घेतला. अर्धा सदऱ्यावरच सांडला. उरलेला घोट घशाखाली गेला आणि त्याला रडू फुटलं. आनंद झाला होता, पण त्याहून जास्त तो दमला होता.

श्रेयाताई आवडाबाईकडं वळल्या. "आजी, तुम्हाला कशाची शिक्षा होती?"

"मला कुठं शिक्षा? मला कुणीच मना केलं नव्हतं," आवडाबाई म्हणाली. "यांला उपाशी बसवून मी एकटी कशी घेऊ, बाई?"

अन् तिनं हात पुढं केला.