मूग आणि कारळे

"हा मोर कुणी केला गं?" रुखवताच्या टेबलापाशी थांबून दुर्गाबाईंनी विचारलं आणि खांबाआड उभ्या सुहासिनीनं कान टवकारले.

दुर्गाबाई म्हणजे नवऱ्या मुलाची आई, सांगवीच्या. शेजारी नवरी, चारुलता, शालू सावरत उभी. आता ही सांगणार. सांगणारच. तसं कबूलच केलं होतं तिनं.

चिंचवडच्या कॉलनीत सुहासिनीची खोली आणि चारूचं घर यांत एकच भिंत. आई गेल्यापासून त्या खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. दिवसभर कंपनीच्या टेलिफोनवर बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि घरी येऊन रेडिओ लावायचा, झालं. कॉलनीतल्या निम्म्या पोरींच्या रुखवतातली धान्याची चित्रं तिच्याच हातची. पण रुखवतात मांडलं की ते नवरीचं म्हणायचं, ही रीतच आहे. तिनं कधी तोंडातून ब्र काढला नव्हता.

चारूची गोष्ट वेगळी. सबंध उन्हाळा ही पोर संध्याकाळी यायची, पाय पसरून बसायची आणि होणाऱ्या नवऱ्याच्या गमती सांगायची. डिंकाला बोट लावलं असेल तर शपथ! पण घर कसं भरल्यासारखं वाटायचं. "सगळ्यांसमोर सांगणार मी, हे माझ्या सुहासमावशीनं केलंय म्हणून," ती म्हणाली होती. तेवढ्यावर वेड्या बाईनं मोराच्या पिसाऱ्याला आणखी एक थर चढवला. अंग तांदळाचं, पिसं मसुरीची, तुरा रेशनच्या लाल मिलो ज्वारीचा.

"मीच केला," चारू म्हणाली.

"अगं बाई! आणि मान अशी निळी कशी? रंग दिलास?"

"हो ना. शाईत... शाईत बुडवले दाणे."

दुर्गाबाईंनी बोट ओलं करून मोराच्या मानेवरून फिरवलं. "शाई कुठंय? रंग तर सुटत नाही."

मागे दोघीतिघी खुसखुसल्या. चारूचा चेहरा खर्रकन उतरला.

शाई म्हणे! जन्मात एका दाण्याला रंग लावला नव्हता सुहासिनीनं. असा राग आला तिला. होऊ दे फजिती, बरी खोड मोडेल. पण चारूनं खांबाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी तरारलं होतं. मग कसला राग नि कसलं काय.

"गोंधळली हो ती," सुहासिनी पुढे होत म्हणाली. "मूग आणि कारळे एकाआड एक लावलेत. लांबून निळं दिसतं. हिचीच युक्ती. मी आपली धान्य निवडायला असायचे."

"हुशार आहे हो सून!" दुर्गाबाई खूश झाल्या. "आणि आपण कोण?"

"शेजारच्या आहेत," चारू घाईघाईनं म्हणाली.

पंक्ती बसायला लागल्या. "जेवून जा हं," कुणीतरी जाता जाता म्हणालं. सुहासिनी हो म्हणाली आणि चप्पल शोधायला गेली.

घरी आली तर शेजारच्या दाराला कुलूप. मंडळी अजून कार्यालयातच होती. तिनं साडी बदलली, मोराचं उरलेलं धान्य ताटात ओतलं आणि खिडकीशी निवडायला बसली. कारळे बारीक, मुगातून वेचता वेचवत नाहीत. वेचले. मूग, मसूर, तांदूळ धुऊन खिचडी टाकली.

पहिल्या घासाला कळलं, मीठ घालायचं राहिलंय. मिठाची बरणी हाताशीच होती. ती तशीच जेवली.