जिवंत गोदाबाईचं सुतक

खुशालराव खोटं बोलले ते बडनेऱ्याच्या फलाटावर, आणि तेही क्षणभर विचार न करता.

अमरावतीच्या एका दवाखान्यात त्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर डॉक्टर ललिता इंगोले दोन औषधं एकत्र देऊन पाहत होत्या. एकेकट्या औषधानं फारसं काही हाती लागलं नव्हतं. दोन्ही मिळून काही साधतं का, हे बघायचं चाललं होतं. पहिल्या खेपेनंतर एक्स-रेतली गाठ थोडी आकसली आणि डोक्यावरचे केस मात्र सगळे गेले. दुसरी खेप घ्यायच्या आधी घरी जाऊन या, असं बाईंनी सांगितलं. खुशालराव टोपी घालून तेल्हाऱ्याला निघाले.

फलाटावर खोकल्याची उबळ आली, टोपी पडली आणि समोर नेमके अकोल्याचे साडू नत्थुजी. आईबाप गेल्याशिवाय कोण डोकं भादरतं? बाप तर जाऊन जमाना झाला होता. नत्थुजींचा चेहरा पडला.

"बुढी कवा गेली?"

कॅन्सर म्हटलं की लोक घरचं पाणी पीत नाहीत. खुशालरावांनी घरीसुद्धा साध्या खोकल्यासाठी या दवाखान्यात जातो, एवढंच सांगितलं होतं.

"झाले काही दिवस," ते म्हणाले.

माणसाची जीभ इतकी हलकी असावी? त्यांना स्वतःचीच किळस आली. घरी जायला तोंड राहिलं नाही. तिथूनच ते दवाखान्यात परतले आणि केस उगवेपर्यंत औषध नको म्हणून हटून बसले.

"औषध थांबलं तर गाठ पुन्हा वाढेल," इंगोलेबाई म्हणाल्या. "केसांसाठी जीव घालवता?"

खुशालराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

इकडे नत्थुजी बायकोला घेऊन तेल्हाऱ्याला भेटीला गेले. बायकोनं अंगणातच गळा काढला. दार उघडलं ते खुशालरावांच्या आईनं, खुद्द गोदाबाईनं.

दुसऱ्या दिवशी गोदाबाई नत्थुजींना घेऊन दवाखान्यात हजर झाली. तिनं आधी डॉक्टरबाईंना सगळं विचारून घेतलं, मग लेकाच्या तोंडावरची चादर ओढली.

"माय, मी तुले जितेपणी..." खुशालराव उठून बसले.

"मारलं त मारलं. पन सुई काहून नाई घेऊन राहिला?"

"तू जिती अन् माह्यं डोकं असं. कोन्या तोंडानं येऊ तुह्यासमोर?"

गोदाबाई पलंगाच्या कडेवर टेकली. त्या गुळगुळीत डोक्यावरून तिनं हात फिरवला. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर खुशालरावांना बरं वाटलं असतं.

"माह्यासाठी डोकं भादराचं त मी मेल्यावर भादर," ती म्हणाली. "पन त्याच्यासाठी तुले माह्या मागं जगा लागते ना, बाबू."

शरमेनं खुशालरावांची मान वर होईना. तशीच खाली ठेवून त्यांनी सुईसाठी हात पुढे केला.