भोंगा

बाईंनी पाचही पिल्लं फरशीवर सोडली आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा मुद्दाम खाली टाकला. तीन पिल्लं पलंगाखाली पळाली. एक होतं तिथेच मुतलं. पाचवं मात्र जुडग्यासमोर चारी पाय रोवून असं काही भुंकलं, की शेजारून कोणीतरी भिंत ठोकली.

"हेच द्या," ती म्हणाली.

बाई हसल्या. इतकी वर्षं टेरियरची पिल्लं विकत होत्या, पण असलं गिऱ्हाईक पहिलंच.

"अहो, लोक गप्प पिल्लू मागतात. ही जातच तोंडाळ, त्यात हा म्हणजे कहर. विकतचं दुखणं घेताय."

"मला भुंकणाराच हवाय. खाली माझं चष्म्याचं दुकान आहे, वर घर. वडील दिवसभर वर एकटे असतात. दार उघडतात आणि निघून जातात. परत कुठे यायचं ते त्यांना आठवत नाही."

बाईंचं हसू मावळलं. पिल्लू तिच्या हातात देताना त्यांनी सगळं नीट सांगितलं. अंगावरचे मेलेले केस कात्रीने कापायचे नाहीत, चिमटीने उपटायचे, नाहीतर रंग उतरतो. जेवण झालं की दाढी पुसायची. कंटाळू द्यायचं नाही, कंटाळला की गाद्या उसवतो.

"पण दाराची कडी वाजली आणि हा गप्प बसला, असं व्हायचं नाही. लिहून घ्या माझ्याकडून."

तिने त्याचं नाव भोंगा ठेवलं. देह वीतभर आणि आवाज गावभर, दुसरं काय नाव ठेवणार?

खरं तर हा शेवटचा उपाय होता. वर्षभरात बाबा दोनदा हरवले होते, दुसऱ्या वेळी रेल्वेच्या रुळांवर सापडले. बाहेरून कुलूप लावून पाहिलं, तर त्यांनी दारावर मुठी आपटून आपटून रक्त काढलं. आणि दुकान बंद ठेवून खायचं काय? दुसऱ्या शहरातल्या धाकट्या भावाचं फोनवर एकच पालुपद असायचं, "ताई, संस्थेत ठेव त्यांना. तिथे बघायला माणसं असतात." त्याने संस्थेचा फॉर्मही पाठवला होता. "माझा बाप मी बघेन," असं त्याला ठणकावून तिने तो ड्रॉवरमध्ये कोंबला होता, आणि फोन ठेवल्यावर ढसाढसा रडली होती.

पहिले दोन महिने भोंगा नावाला जागला. कडीला नुसता हात लागला, की वर असा गलका व्हायचा, की काचा घासायचं यंत्र चालू असतानाही तिला ऐकू यायचा. हातातलं काम टाकून ती जिना चढायची. बाबा चपला घालून दारात उभे असायचे. एकदा धावताना तिचा पाय मुरगळला, एकदा गिऱ्हाईकाची काच हातातून पडून फुटली. धापा टाकत, कधी त्यांच्यावर ओरडत ती त्यांना आत न्यायची. बाबा ओशाळून तिच्या सुजलेल्या पायाकडे बघत बसायचे.

भोंग्याचं सगळं मात्र त्यांनीच अंगावर घेतलं. ते चाळीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल होते. पुस्तकांवरची धूळ झटकायचा मऊ ब्रश त्यांनी कुठूनसा शोधून काढला आणि त्या ब्रशने ते भोंग्याची पाठ झाडू लागले. त्याची दाढी पुसायचे. जेवायला दोनदा घालायचे, कारण पहिल्यांदा घातलेलं विसरायचे. भोंग्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तो चांगला गुबगुबीत झाला.

मग वरचा आवाज कमी होत गेला. दिवसातून तीनदा व्हायचा तो एकदा, मग आठवड्यातून एकदा, मग नाहीच. तिचा जीव भांड्यात पडला.

"बाबा रमलेत रे," तिने भावाला सांगितलं. "दाराकडे फिरकतसुद्धा नाहीत. कमाल केली बघ या एवढ्याशा कुत्र्याने."

त्या महिन्यात ती काम करताना गुणगुणायला लागली. फॉर्म फाडून टाकावा असंही एकदा मनात आलं. तेवढं राहून गेलं.

एका दुपारी पेपरवाला आपला चष्मा न्यायला आला.

"काल बाबा दिसले," तो म्हणाला. "मोठ्या पुलावर, भर रस्त्यातून चालले होते. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचले."

"आमचे बाबा? छे हो. ते वरच असतात."

"दाढीवालं कुत्रं होतं की सोबत. मीच दोघांना जिन्यापर्यंत आणून सोडलं. तुमचं यंत्र चालू होतं, म्हणून हाक नाही मारली."

दुसऱ्या दिवशी यंत्र तसंच चालू ठेवून ती जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कडी वाजली. भोंगा आता भुंकेल, आता भुंकेल, म्हणून ती थांबली.

दार उघडलं. भोंगा उंबऱ्याशी चारी पाय रोवून उभा होता. त्याने मान वर केली, तोंड उघडलं.

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. वाचनालयात चाळीस वर्षं ठेवत आले होते, अगदी तसंच.

भोंग्याने तोंड मिटलं.

"शहाणं बाळ ते," बाबा पुटपुटले आणि त्यांनी खिशातून बिस्किटाचा तुकडा काढून त्याला दिला.

"बाबा!" ती ओरडली.

ते दचकले. वाचनालयात नव्याने आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे अदबीने पाहिलं. ओळख नव्हती, रागही नव्हता.

"बाई, जरा हळू बोला," ते कुजबुजले. "खाली माझी मुलगी काम करते. आवाज झाला की बिचारी धावत वर येते. पाय सुजलाय हो तिचा. याला गप्प राहायला शिकवण्यात महिना गेला माझा."

ती पायरीवर बसली. भोंगा येऊन तिचा हात चाटू लागला. खाली यंत्र रिकामंच फिरत होतं. बाबांनी कान देऊन ते ऐकलं आणि समाधानाने मान हलवली.

सोमवारी तिने फॉर्मवर सही केली. संस्थेत प्राणी चालत नव्हते. भाऊ गाडी घेऊन आला. बाबांनी काही त्रास दिला नाही. निघताना तेवढं त्यांनी भोंग्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

त्यांना सोडून ती संध्याकाळी परतली. दुकान दिवसभर बंदच होतं. भोंगा बाबांच्या खुर्चीखाली पडून होता. ती आली तरीही तो भुंकला नव्हता. तिने हातातला किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला.

तो ताडकन उठला. पाय रोवले, तोंड उघडलं. मग त्याने खुर्चीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"भुंक रे," ती म्हणाली. "खाली कोणी नाहीये आता."

त्याने शेपूट हलवली आणि बिस्किटाची वाट बघत तिच्यासमोर बसून राहिला.