खानदानी बोट

बोलतेय ती मी, सलूनमधली कात्री. शिंप्याच्या कात्रीशी माझी गल्लत करू नका. ती कापड कापते, आणि कापडाला कान नसतात. माझं सगळं आयुष्य लोकांच्या कानांशी गेलंय, त्यामुळे मी जपून चालते आणि भरपूर ऐकते.

माझा जन्म कारखान्यातला. आधी भट्टी, मग घणाचे घाव, मग पाण्यात बुडी, मग दगडावर घासून धार. त्याबद्दल मला फार बोलायचं नाही. तिथून मी एका दुकानात आले आणि दुकानातून आमच्या मालकाच्या वडिलांच्या हातात. अंगठा एका कड्यात, अनामिका दुसऱ्या कड्यात आणि करंगळी मागच्या शेपटीवर टेकलेली, असं त्यांनी मला धरलं. कात्री अशीच धरायची असते. मधलं बोट घालणारी माणसं मला चालत नाहीत.

वर्षं गेली तशी वडिलांची अनामिका तळहाताकडे वाकत गेली आणि शेवटी कायमची वाकून बसली. त्याचं कुणाला वाईट वाटलं असेल तर शपथ. उलट ते गिऱ्हाइकांना हात दाखवून सांगायचे, "माझ्या वडिलांचंही अस्संच होतं. कात्री अंगात मुरली की बोट तिच्या मापाचं होतं. हे कारागिराचं बोट." गिऱ्हाइकं मान डोलवायची. मी कानाशी असताना मान डोलवू नये, एवढंही लोकांना कळत नाही.

मलाही ते सगळं खरं वाटायचं. आपल्यामुळे माणसाचा हात बदलतो म्हणजे केवढा मान, अशा तोऱ्यात मी असायचे.

वडील गेले आणि मी मुलाकडे आले. तोच आताचा मालक. हात हलका, जीभ मात्र थांबत नाही. बोलायला लागला की गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचं पाणी वाळून जातं. पण त्याचं बोट सरळ होतं, आणि तेच त्याचं दुःख. रिकामा असला की आरशासमोर हात धरून बघत बसायचा.

मग एकदा अनामिकेच्या खाली, तळहातावर, त्याला गाठ लागली. दुखत नव्हती, नुसती टणक होती. आमच्या मालकानं काय करावं? अख्ख्या सलूनला चहा पाजला.

"आली एकदाची," म्हणाला.

"अहो, गाठ आली म्हणून चहा पाजणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," त्याची बायको म्हणाली. "डॉक्टरांना दाखवून या."

"ही आमच्या खानदानातली गोष्ट आहे. तुला नाही कळायची."

तेव्हापासून ती दुपारचा डबा घेऊन आली की आधी त्याचा तळहात बघायची आणि मगच डबा उघडायची.

गाठीतून पुढे एक दोरी निघाली, कातडीखालून थेट बोटापर्यंत. दोरी आखडत गेली तसं बोट वाकत गेलं, आणि मालक खुलत गेला. तोंड धुताना बोट नाकात जायचं. खिशात हात घालायला जावं तर ते बाहेरच अडकायचं. एका वकिलाची दाढी करताना ते त्याच्या गालात रुतलं आणि वकील नोटिशीची भाषा बोलू लागला. तरी मालकाचं आपलं चालूच, "हात तयार होतोय."

हात तयार होत नव्हता. मला कळत होतं ना. कड्यात बोट हललं तर मी उघडते. हे बोट हललं तर ना. मी अर्धीमुर्धी उघडायचे, अर्धीमुर्धी मिटायचे, आणि लोकांच्या डोक्यावर पायऱ्या पडायच्या. जुनी गिऱ्हाइकं "आज जरा घाईत आहे" म्हणून निघून जायची आणि समोरच्या सलूनमध्ये तासभर निवांत बसायची. मालक पुसलेली खुर्ची परत पुसायचा. केस कापण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही नकोही होतं. हे बोट असंच आवळत गेलं तर आम्हा दोघांचाही कारभार आटोपला, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला भीती वाटली.

आणि एका सकाळी व्हायचं तेच झालं. बँकेचा मॅनेजर फोटो काढायला निघाला होता, म्हणून केस कापायला आला. उजवी बाजू झाली आणि माझं कडं मालकाच्या बोटात अडकलं ते निघेचना. तेल झालं, साबण झाला. बायको फेसाचं भांडं धरून उभी, मॅनेजर अर्ध्या डोक्यानं बसलेला. तेवढ्यात मालकाची थोरली बहीण आली.

ताई शाळेत गणित शिकवते. तिनं जन्मात कात्रीला हात लावलेला नाही. कापलेल्या केसांची तिला किळस येते, सलूनमध्ये येते तीसुद्धा दारातूनच बोलून जाते. पण भावाची अवस्था बघून आत शिरली.

"दे इकडे तो हात," म्हणाली आणि दोन्ही हातांनी मला ओढू लागली.

बायकोचं लक्ष कात्रीवर नव्हतंच. "ताई, तुमच्या बोटाला काय झालं हो?"

ताईनं हात पटकन पाठीमागे नेला. "काही नाही. इतकी वर्षं खडू धरून वाकलंय."

मालकानं तो हात ओढून पुढे घेतला. तीच गाठ, तीच दोरी, तसंच वाकलेलं बोट, फक्त हिची करंगळी. तो बघतच राहिला. "ताई, तू कात्री कधी धरलीस?"

"मी कशाला धरतेय?"

ताईनं दोघांचे तळहात शेजारी धरून पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे खडूचाही संबंध नाही आणि कात्रीचाही. हे आपल्याला बाबांकडून आलंय."

माझा तोरा तिथल्या तिथे उतरला. मला फेसात बुडवून सोडवलं आणि मॅनेजरचं उरलेलं डोकं मशीननं उरकलं. फोटोत तो दोन भावांसारखा दिसतो म्हणे.

हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे मालक बायकोला आणि ताईला घेऊन गेला, आणि मला खिशात घालून, कशी धरतो ते दाखवायला. बाईंनी मला बाजूला ठेवायला सांगितलं.

"तळहात टेबलावर सपाट ठेवा."

त्यानं ठेवला. खालून उंदीर आरामात गेला असता.

"जखम भरून काढणाऱ्या पेशी असतात शरीरात," बाई म्हणाल्या. "त्या धागे विणतात आणि काम झालं की थांबतात. तुमच्या हातातल्या थांबतच नाहीत. जखम नाही, काही नाही, तरी विणताहेत. मऊ जागा टणक होते आणि आखडते. कुणाच्या फुप्फुसात असं होतं, कुणाच्या यकृतात, आणि तिथं ते जिवावर बेततं. तुमचं हातावर निभावलंय. हे बरेचदा घराण्यातून येतं."

"म्हणजे खानदानी तर आहेच," मालक हळूच म्हणाला.

"हो. मधुमेहही खानदानी असतो, त्याचा कुणी चहा पाजत नाही."

चहाचं बाईंना कुणी सांगितलं, ते मी सांगायला नको. बायको खिडकीबाहेर बघत होती.

उपाय दोन होते. सुईनं दोरी आतल्या आत जागोजागी तोडायची, नाहीतर हात उघडून ती काढून टाकायची. सुईचं काम सोपं, पण दोरी पुन्हा धरू शकते, हे बाईंनी आधीच सांगितलं. "मुळापासून घालवेल असं औषध अजून नाही. परत आली तर परत या."

मालकानं सुई निवडली. ताई म्हणाली, "आधी याचं करा. याचा हात चालला तर माझं बघू."

मी बाजूला टेबलावरच होते. तळहात बधिर केला, सुई टोचली, आणि मालक बाईंना त्यांच्या भांगाबद्दल सल्ला देत राहिला. मग बाईंनी बोट धरून सरळ ओढलं आणि आतून कट् असा आवाज आला. मालक बोलता बोलता थांबला. माझ्या माहितीत असं कधी झालं नव्हतं. बोट उघडलं होतं, मधल्या सांध्यात जराशी कसर राहिली होती. तो त्या बोटाकडे बघत बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि एकदाही "मी सांगत होते" म्हणाली नाही. मला ती फार आवडते.

नंतर रात्री बोटाला पट्टीचा आधार आणि दिवसा उघडमीट, उघडमीट. पण सलूनमध्ये त्यानं मला बोटात घातलं तर काय? सरळ बोटाची त्याला सवयच राहिली नव्हती. मी घसरून फरशीवर पडले, चांगली दोनदा. गिऱ्हाइकं दारातून प्रकृतीची चौकशी करत आणि दारातूनच परत जात.

तुमच्या हातात अशी गाठ आली तर कामाला त्याचं श्रेय देऊ नका, वेळेवर दाखवा, एवढीच माझी विनंती. आणि आता शेवटचं सांगते, कारण ते कालचंच आहे.

काल ताई आली, दारात थांबली नाही, सरळ येऊन खुर्चीत बसली.

"काप."

"ताई, हात अजून वळत नाही."

"तेच बघायला आलेय."

तिनं डोळे घट्ट मिटले. पहिली बट पडली तशी तिच्या अंगावर शहारा आला, पण ती उठली नाही. मी उघडले, मिटले, पुन्हा उघडले, यावेळी पुरती. कानामागून पुढे येईपर्यंत तो ताईच्या शाळेतल्या शिपायाबद्दल काहीतरी सांगायला लागला होता, आणि मला कळलं, जमलं.

ताईनं डोळे उघडून आरशात बराच वेळ पाहिलं.

"डावीकडे जास्त गेलेत."

"हो."

"बोट दुखलं?"

"नाही."

ताईनं आपली वाकडी करंगळी मांडीवर ठेवली आणि दुसऱ्या हातानं ती हळूच सरळ करून पाहिली. झाली नाही.

"त्या बाईंकडे," ती म्हणाली, "माझी वेळ घे."